सोमवारी बरा असणारा माणूस

बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर बसचालकाचा गणवेश होता आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"तुम्हीच घारूताई ना?" तिनं विचारलं. "मला आज संध्याकाळपर्यंत अटक होईल. त्याच्या आत मला माझी मुलगी परत हवी आहे."

डोळे घारे म्हणून सगळे त्यांना घारूताई म्हणत. नजरही घारीचीच आहे, असं ज्यांची लबाडी त्यांनी पकडली होती ते लोक सांगत. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. सोबतीला मास्तर. निवृत्त शिक्षक, शेजारी आणि आता मदतनीस. मास्तरांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. पण दुसऱ्यांदा सांगताना घारूताईंना आपलीच चूक सापडे, म्हणून त्या मास्तरांना कधी घरी ठेवून जात नसत.

मास्तरांनी खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही.

"माझे मिस्टर घरून काम करतात. पुस्तकांची मुद्रितं तपासतात. मागच्या खोलीत बसून असतात दिवसभर. थंडी सुरू झाली आणि यांचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. मग चालताना तोल जायचा. शब्द आठवायचे नाहीत. दोनदा इस्पितळात ठेवलं, दोन्ही वेळा ठणठणीत होऊन घरी आले आणि पुन्हा तेच. आता गेल्या आठवड्यात मी घरी आले तर टेबलावर डोकं टेकून पडलेले. अजून शुद्ध नाही."

"आणि अटक?"

"वन्संनी पोलिसांना सांगितलं, मी विष घालते."

"त्यांना असं का वाटलं?"

"सोमवारी हे बरे असायचे म्हणून." बाईनं खुर्चीची पाठ धरली. "सोमवारी माझी लांबच्या मार्गाची ड्युटी. त्या दिवशी स्वयंपाक वन्सं करायच्या. त्यांच्या हातचं खाल्लं की हे माणसात यायचे. मंगळवारी माझ्या हातचं खाल्लं की संध्याकाळी उलट्या. ताई, मला माझीच शंका यायला लागली. भांडी बदलली, मीठ फेकून दिलं, मसाले फेकून दिले. एकदा त्यांच्या ताटातलं अर्धं मी खाल्लं. म्हटलं, काय व्हायचं ते मलाही होऊ दे."

"काही झालं?"

"छे. सकाळी डोकं जड असतं, पण ते मला थंडी पडल्यापासूनच आहे. बसच्या खिडकीचा वारा लागला की दुपारपर्यंत उतरतं."

"घरात गॅस आहे?"

"शेगडी विजेची, पाणी विजेवर तापतं. यांनी गॅस घरात येऊच दिला नाही. भित्रा माणूस! कुलूप लावलं की तीनतीनदा ओढून बघणार."

"मुलगी कुठं आहे?"

"चिऊ घरातच आहे, आत्याजवळ. हे आजारी पडल्यापासून वन्सं आमच्याकडेच राहायला आल्यात. त्यांनी कुलूप बदललं. काल मी दारावर डोकं आपटलं, ताई. आतून चिऊ रडत होती. मग रडायची थांबली. तेव्हापासून तिचा आवाज नाही ऐकला मी."

घारूताई उठल्या. "मास्तर, कोट घ्या."

*

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता आणि थकलेला.

"नेहमीच्या सगळ्या विषांची तपासणी केली. काही मिळालं नाही. काही दुर्मीळ विषांचे अहवाल यायचेत."

"आणला तेव्हा श्वास कसा होता?"

"मंद. पण बोटाला चिमटा लावला तर यंत्रावर ऑक्सिजन उत्तम. अँब्युलन्समध्येच मास्क लावला होता. रक्त आम्ही दुसऱ्या दिवशी पाठवलं. त्यातही काही नाही." डॉक्टरनं खांदे उडवले. "खरं सांगू? आधीच्या दोन्ही वेळी हा माणूस इथं आला आणि बरा झाला. त्याची बहीण म्हणते ते अगदीच खोटं वाटत नाही. इथं बायकोच्या हातचं मिळत नाही ना!"

बाहेर पडताना मास्तर पुटपुटले, "बाई रडत होती खरी. पण मगरही रडते म्हणतात."

"मगर अर्धं ताट स्वतः खात नाही, मास्तर."

*

घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली लाँड्री, छपरावर माथ्याला लादी टाकून बंद केलेलं जुनं धुराडं. दुकानाच्या काचेवर पाटी होती. मास्तरांना दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. "हॉटेलच्या चादरी, पडदे घाऊक धुऊन मिळतील. सोमवारी बंद."

चिऊची आई रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली उभी राहिली. जवळ आली तर नणंद पोलिसांना बोलावणार होती.

नणंदेनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"तुमच्या भावाची ही गत कुणी केली ते शोधायला आलेय," घारूताई म्हणाल्या.

साखळी निघाली. "कुणी केली ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण या."

पुढची खोली गार होती. बाल्कनीचं दार उघडं. "माझा बंद खोलीत जीव घुसमटतो," नणंद म्हणाली. "मी इथंच झोपते." भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. मधल्या बोळात, मागच्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीवर बशीएवढा गोल पांढरा डाग होता. आजूबाजूचा रंग मळलेला, तेवढाच भाग कोरा. दोन स्क्रूची भोकं.

"इथं काय होतं?"

"आवाज करणारं सगळं मी काढून टाकलं. हा एवढा आजारी, त्याला झोप नको का मिळायला?"

मास्तरांनी मान हलवली. "बरोबर आहे. आजारी माणसाला टिकटिक सहन होत नाही."

मागच्या खोलीत पलंगावर चिऊ झोपली होती. सहासात वर्षांची. खिडकी घट्ट बंद. तिच्या काचांवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. एका भिंतीला पुस्तकांचं उंच कपाट, त्याच्या मागच्या फळ्या फुगून पोक आल्यासारख्या झालेल्या.

"दुपारची झोपते का ही?"

"रडून रडून दमलीय. बाल्कनीतून आईला हाका मारायला लागली, म्हणून इथं आणून निजवलं. आई उद्या चोरून न्यायची! ताप नाहीये, बघितलं मी. उलट गाल बघा कसे गुलाबी झालेत."

घारूताईंनी कपाटाशेजारच्या भिंतीला तळवा लावला. मग काचेवरचं पाणी बोटानं टिपलं.

"तुमच्या डोक्याला काय झालंय?"

"काय होणार? आठवडाभर रडतेय मी. ठणकणारच." नणंदेचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. "बाई, मी त्याला कडेवर वाढवलाय. आई गेली तेव्हा तो या पोरीएवढा होता. त्याच्या बायकोला शिक्षा झाल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही."

"वहिनीनं काही घालताना पाहिलंत?"

"मी नाही. खालच्या लाँड्रीवाल्यानं पाहिलंय. रोज कागदाची पुडी घेऊन यायची म्हणे. पोलिसांनाही सांगितलंय त्यानं. विचारा जाऊन."

*

लाँड्रीवाला गळ्याला मफलर गुंडाळून चादरी इस्त्री करत होता. बाहेर बोचरी थंडी आणि दुकानाचं मागचं दार सताड उघडं. कोपऱ्यात मोठा गॅसचा बॉयलर घरघरत होता.

"पुडी घेऊन यायच्या हो. मी खोटं कशाला बोलू?"

"पुडीत काय असायचं?"

"ते मला काय ठाऊक? विष काय कुणी दाखवत आणतं?"

"थंडी वाजत नाही तुम्हाला? दार लावा की."

"वाफेनं कोंदट होतं."

घारूताईंची नजर मागच्या भिंतीवर गेली. छताजवळ ताज्या सिमेंटचं गोल ठिगळ होतं, ताटाएवढं. बॉयलरचा जाड पत्र्याचा नळ तिथवर न जाता मध्येच वळून आतल्या जुन्या भिंतीत शिरला होता.

"इथून पूर्वी धूर बाहेर जायचा?"

"हो. मागच्या गल्लीतले लोक रोज भांडायला यायचे. वास येतो, वाळत घातलेले कपडे ओले होतात. दिवाळं निघालं असतं माझं या भांडणांत. नळ फिरवला थंडीच्या सुरुवातीला. आता कुणाची तक्रार नाही."

"हाताखाली कुणी नाही?"

"एक बाई होती. रजेवर आहे. चक्कर येऊन पडली इथं. अशक्तपणा, दुसरं काय."

मास्तरांनी वर पाहिलं. इस्त्रीच्या टेबलाच्या वर, भिंतीला बशीएवढी नवी कोरी पांढरी गोल डबी होती. "हे काय हो? घड्याळ आहे का? काटे दिसत नाहीत."

लाँड्रीवाल्याचा हात इस्त्रीवर थबकला. "ते... आगीचा भोंगा आहे."

घारूताईंनी डबीवरची अक्षरं वाचली. मग त्या वळल्या आणि धावत सुटल्या. मास्तरांनी त्यांना धावताना याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर! वर! पोरगी!"

*

दार उघडायला नणंदेनं फार वेळ लावला. उघडलं तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती. "पोरीजवळ बसले होते," ती जड जिभेनं म्हणाली. "गरगरतंय मला."

घारूताईंनी मागच्या खोलीची खिडकी उघडायचा प्रयत्न केला. लाकूड फुगून अडकलं होतं. त्यांनी स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. मास्तरांनी चिऊला हलवलं, हाक मारली, पुन्हा मारली. पोरीची मान त्यांच्या हातावरून लोंबकळली.

मास्तरांना यावेळी काही दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि गुडघेदुखी विसरून जिना उतरले.

रस्त्यापलीकडून आईनं पाहिलं. एका परक्या माणसाच्या खांद्यावरून चिऊचे हात लटकत होते. ती गाड्यांमधून तशीच धावली. तिच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून बसस्टॉपवरची माणसं उठून उभी राहिली.

*

इस्पितळात नर्स सुई घेऊन पुढे झाली. घारूताई म्हणाल्या, "आधी रक्त घ्या. ऑक्सिजननंतर पुरावा राहणार नाही."

पोरीची शीर सापडेना. नर्सनं दुसरा हात धरला. आईनं तिला बाजूला सारलं.

"पुरावा गेला चुलीत! मला फाशी द्या हवं तर. आधी तिला श्वास द्या!"

मास्क लागला. घारूताईंनी मान खाली घातली. बराच वेळ त्यांना वर बघवलं नाही.

मग चिऊ खोकली. डोळे उघडून तिनं कुणाकडं न बघता "आई" म्हटलं. आई पलंगाच्या दांडीला धरून खालीच बसली.

*

बाहेरच्या बाकावर नणंद बसली होती. नर्सनं तिच्यासाठीही मास्क आणला होता. तो तिनं ढकलून दिला. "मला काही झालेलं नाही. पोरीकडं बघा."

इन्स्पेक्टर लाँड्रीवाल्याला घेऊन आला. मागोमाग अग्निशमन दलाचा माणूस, हातात गॅस मोजायचं यंत्र.

"आम्ही पोचलो तेव्हा खोलीत काही नव्हतं," तो घारूताईंना म्हणाला. "खिडकी फुटलेली, वारा मोकळा. आणि बॉयलर बंद."

"ऐकलंत?" लाँड्रीवाला म्हणाला. "काही नव्हतं! उगाच गरिबाच्या पोटावर पाय."

"बॉयलर बंद कुणी केला?" घारूताईंनी विचारलं. "मी आले तेव्हा चालू होता."

त्यानं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

"इन्स्पेक्टर, विष घातलं गेलं, पण ताटातून नाही. हवेतून. कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळला नाही की होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, तोल जातो, आणि माणूस झोपेतच संपतो."

"पण घरात तर गॅसच नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर कुणाला शंका आली नाही. खाली आहे. यांनी नळ भिंतीत वळवला. त्या भिंतीत जुनं धुराडं आहे, कित्येक वर्षांपूर्वी माथ्यावर लादी टाकून बंद केलेलं. धुराला वर वाट नाही, तर तो मधेच वाट काढणार. मागच्या खोलीत धुराड्याचं जुनं तोंड आहे, त्याच्यावर पुस्तकांचं कपाट. कपाटाच्या फळ्या फुगल्यात. भिंत हाताला गरम लागते. खोलीत चूल नाही, बंब नाही, तरी काचांवरून पाणी गळतं. जळलेल्या गॅसबरोबर वाफ येते, ती काचेवर दिसते. जे मारतं ते दिसत नाही."

"आणि सोमवार?" इन्स्पेक्टरनं विचारलं. "सोमवारचं काय?"

"मास्तर, पाटी वाचलीत ना तुम्ही?"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. "सोमवारी बंद..."

"सोमवारी नणंदबाई स्वयंपाक करायच्या, हे खरं. पण सोमवारी बॉयलरही थंड असायचा. सगळ्यांनी ताटाकडं पाहिलं, पाटीकडं कुणी पाहिलं नाही. बायकोचं डोकं सकाळी जड, बसच्या वाऱ्यावर हलकं. नवरा इस्पितळात बरा, घरी आजारी. तिच्या हातचं मिळत नव्हतं म्हणून नव्हे. ती हवा मिळत नव्हती म्हणून."

"पण त्याचा ऑक्सिजन उत्तम होता," डॉक्टर दारातून म्हणाला.

"तो बोटाचा चिमटा या गॅसला फसतो, डॉक्टर. रक्त ऑक्सिजननं भरलंय की या विषानं, हे त्याला कळत नाही. आणि तुम्ही रक्त पाठवेपर्यंत मास्कनं विष धुऊन काढलं होतं."

डॉक्टर हळूच भिंतीला टेकला.

"बरं, अपघात झाला," लाँड्रीवाला म्हणाला. "मला काय माहीत धूर वर जातोय?"

"तुम्हाला माहीत होतं. तुमची मदतनीस बाई पडली, त्यानंतर तुम्ही भिंतीवर ती डबी लावलीत. आगीचा भोंगा नाही तो. त्याच्यावर याच गॅसचं नाव छापलंय. ती वाजते म्हणून तुम्ही कडाक्याच्या थंडीत दार उघडं टाकून काम करता. स्वतःपुरती हवा केलीत. वरचा माणूस झिजताना बघितलात, आणि नळाकडं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोच्या हातात पुडी दिलीत."

"सिद्ध करा! यंत्रात काय आलं? पोरीच्या रक्तात काय आलं? काहीच नाही ना?"

पोरीचं रक्त निघण्याआधीच मास्क लागला होता. त्याचं म्हणणं खरं होतं. इन्स्पेक्टर घारूताईंकडं पाहू लागला.

"आणखी एक गोष्ट आहे," घारूताई हळू आवाजात म्हणाल्या. "सांगायची नव्हती. तशीच एक डबी वरच्या घरातही होती. भित्र्या माणसानं लावलेली. बोळातला तो गोल डाग. मास्तरांना वाटलं घड्याळ होतं. पण घड्याळ तर पुढच्या खोलीत टिकटिकत होतं. टिकटिक कुणाला सलत नव्हती. सलत होता तो दुसरा आवाज."

नणंदेनं डोक्यावरचा रुमाल सोडला. तो हातात पिळत राहिली.

"सारखी किंचाळायची," ती म्हणाली. "मी राहायला आले त्याच दिवशी. तो म्हणाला, ताई, राहू दे ती, काहीतरी असेल. नीट बोलताही येत नव्हतं त्याला. मी म्हटलं, सेल संपला असेल, तू झोप. काढली आणि कचऱ्यात टाकली." तिनं वर पाहिलं. "तो झोपला. मला किती बरं वाटलं, हा झोपला म्हणून."

बोळात ट्रॉलीची चाकं करकरत गेली.

मग नणंद उठली, डॉक्टरसमोर गेली आणि बाही वर सरकवली.

"मी त्या खोलीत पोरीजवळ बसले होते. तुमचा तो मास्क मी अजून लावलेला नाही. माझं रक्त घ्या."

अहवाल यायला फार वेळ लागला नाही. डॉक्टर कागद हातात घेऊन आला. तो कुणाला वाचून दाखवायची गरज पडली नाही, त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. इन्स्पेक्टरनं लाँड्रीवाल्याच्या दंडाला धरलं. तो दारातून बाहेर जाईपर्यंत "मी एकटा काय करणार होतो" एवढंच म्हणत होता.

नवरा पुढं जगला. मोठ्या इस्पितळात हलवला, दाबाखालचा ऑक्सिजन दिला. वसंत सुरू होताना दुसऱ्या घरी राहायला आला. पण अक्षरं त्याच्यापुढं विस्कटून जात, आणि मुद्रितं त्यानं पुन्हा तपासली नाहीत. चिऊ त्याला वाचून दाखवी.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. तो काचेपलीकडं निपचित पडला होता. नणंद बाकावर बसून होती. भावजय चिऊच्या खोलीतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी तुला खुनी म्हटलं," नणंद म्हणाली. "गावभर म्हटलं. आणि माझ्याच हातानं..."

भावजय पुढं झाली. तिनं नर्सच्या हातातला मास्क घेतला, नणंदेच्या तोंडावर बसवला, रबर कानामागून ओढलं, त्यात अडकलेले पिकले केस सोडवले.

"बोलू नका, वन्सं. मला आत्ता तुमचा आवाज ऐकवत नाही." तिनं मास्कची कड दाबून बसवली. "श्वास घ्या. आत्या कुठंय म्हणून आत चिऊ विचारतेय."